संत अ‍ॅनाच्या सणाआधीचं द्राक्ष

कुंपणातून हात घातला तेव्हा मला काही चोरी करायची नव्हती. मलमलीच्या पिशवीत बांधून ठेवण्यासारखं त्या घोसात आहे तरी काय, एवढंच बघायचं होतं. मणी तोंडात टाकला आणि वेलीमागून कुणीतरी विचारलं, "कसा लागला?"

गवती टोपीतला, उन्हानं रापलेला एक तरुण माझ्याकडे बघत होता.

"आंबट," मी म्हटलं.

"कोल्ह्यालाही आंबटच लागतात."

"कोल्ह्यानं खाल्ली नव्हती. मी खाल्लीत."

तो हसला... आणि त्यानं मला कामावरच ठेवलं.

हा बालिंट. हंगेरीतल्या केच्केमेटच्या वाळूत द्राक्षांच्या नव्या जाती तयार करायचा. एका वेलीच्या फुलातले पुंकेसर चिमट्यानं खुडायचे, दुसऱ्या वेलीचे पराग त्यावर झटकायचे, बी रुजवायचं आणि पहिला घोस धरेपर्यंत वर्षानुवर्षं वाट बघायची. एवढं करून बहुतेक रोपं उपटूनच टाकायची. त्याला हवं होतं जुलैत, संत अ‍ॅनाच्या सणाआधी पिकणारं गोड द्राक्ष. ते मिळेपर्यंत घरात बायको आणणार नाही, असं त्यानं गावभर सांगून टाकलं होतं. दिवसभर मणी चाखून त्याची जीभ मरायची, म्हणून माझी जीभ कामाला. तिला हाड नाही असं आत्या नेहमी म्हणायची. इथं त्याचाच पगार मिळू लागला.

चिमटा घेऊन वाकलेला बालिंट मला फार आवडायचा. फुलाला दुखू नये अशा बेतानं तो श्वास रोखायचा. मी त्याच्या बोटांकडे बघत राहायचे, आणि तो मान वर न करता म्हणायचा, "एतेल्का, फूल इकडे आहे."

मग एका उन्हाळ्यात एका वेलीचे घोस जुलैतच पिवळेधमक झाले. नवी जात तपासायला बुडापेस्टहून परीक्षक यायचे होते. गडी म्हणाले, मध आहे मध. बालिंटचं तर काय, आपला तो बाब्या. सणाच्या आदल्या सकाळी त्यानं एक मणी माझ्या तळहातावर ठेवला. मी 'गोड' म्हटलं असतं, तर त्याच वर्षी आमचं लग्न झालं असतं. हे मला ठाऊक होतं, आणि त्यालाही.

मी मणी चावला. नुसतं पाणी, आणि मागून पेंढ्याची चव.

"रंग आहे. चव नाही," मी म्हटलं. आणि मलाच रडू फुटलं.

त्यानं स्वतः एक मणी सावकाश चावला. मग फावडं आणलं. वाळूतून मुळं सहज निघाली.

"पुन्हा पहिल्यापासून," तो म्हणाला. "आठ-दहा वर्षं तरी... एतेल्का, थांबाल?"

"द्राक्षासाठी थांबेन," मी डोळे पुसत म्हटलं. "तुमच्यासाठी नाही थांबणार. रविवारी आत्याकडे या आणि मला मागणी घाला."

फावड्यावर टेकून तो बघत राहिला — वेलीकडे नाही, माझ्याकडे.

"माझ्याविषयी काय म्हणते तुमची जीभ?"

"पिकायला उशीर लावलात... पण ठेवून घेण्यासारखे आहात."

तो रविवारपर्यंत थांबला नाही. त्याच संध्याकाळी, वाळूनं भरलेल्या बुटांनिशी, आत्याच्या दारात उभा होता.