टिकलीचा दगड

हसू नका, पण एसटीच्या वेळा मला अजून पाठ आहेत. नेऱ्याच्या पुढच्या त्या डोंगरगावातून पनवेलची शेवटची गाडी साडेपाचला सुटायची. एकोणनव्वदच्या जानेवारीत ती गाडी गाठायच्या नादात मी माझी बायको घालवली.

चारुताला लेण्यांचं वेड. लग्नाला चार महिने झाले होते, एका रविवारी मला ओढतच घेऊन गेली. डोंगराच्या पायथ्याशी झिजलेली वीरगळ होती आणि शेजारी ठमाबाईचं घर.

"वर जाताना मानशी एक दगड हितं ठेवायचा," ठमाबाई म्हणाली. "उतरलं की उचलायचा. दिवं लागताना दगड उरला, तर आमी कंदील घेऊन शोधाया जातो."

चारुताने आपल्या दगडावर कपाळाची टिकली चिकटवली. "माझा ओळखू यायला हवा ना!"

वर वटवाघळांचा उग्र वास आणि लेण्याच्या आत कोरलेलं पाण्याचं टाकं. पाणी इतकं काळं, की त्यात आमचे चेहरेही दिसेनात. चारुता काठावर बसली ती उठेचना. मी घड्याळ दाखवून दमलो. "बस मग इथेच जन्मभर!" असं ओरडून एकटाच उतरलो. माझा आवाज आत बराच वेळ घुमत होता.

तिला खाली वाकण्यात वेळ नको, म्हणून मी दोन्ही दगड उचलून झुडपात भिरकावले.

"आनि बाय?"

"ती येतेय मागून," म्हणालो आणि गाडी थांबवायला पळालो.

गाडी गेली. चारुता आली नाही. दिवे लागताना धावत परत आलो, तर वरून स्पष्ट हाक येत होती. "अहो... अहो..." गावात एकेक दार लागत होतं.

"ती माझी बायको आहे!"

"दगड नाय, मंजी वर मानूस नाय," ठमाबाई पुटपुटली. "वो देऊ नका..."

गाव भित्रं निघालं, असं मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगितलं. पण मी तरी कुठे गेलो? तिच्याच ओटीवर कानांवर हात दाबून बसून राहिलो. सकाळी लेणं रिकामं होतं. टाक्यात गळ टाकून पाहिले, तळ लागला नाही. सासरच्यांनी माझं तोंड पाहणं सोडलं. बरोबरच केलं.

दर जानेवारीत जातो. झुडपात तो टिकलीचा दगड शोधतो, मग माझा एक ठेवून वर चढतो. यंदा, सत्त्याण्णवला, भर दुपारी उतरलो तर माझा दगड जागेवर नव्हता. तिथे पाणी साचलं होतं.

ठमाबाई ओटीवर तांदूळ निवडत होती. आता तिला फारसं दिसत नाही.

"माझा दगड... कुणी उचलला?"

"तुमची बाय मगाशीच उतरली की. तिनंच उचलला."

"काही... म्हणाली?"

"म्हनली, ते येतात मागून."