हवालदारांचा पाना

माझा थोरला मुलगा खोटं बोलतो. आई असून चारचौघांत सांगते.

घरी कुणी आलं की सोफ्यावर पाय पसरून सुरू होतो, "निघायच्या आधी मीच चाक तपासलं, म्हणून वाचलो सगळे." त्याची बायको शेजारी बसून नुसती मान डोलावते. म्हणून हे मला लिहावं लागतंय. शाळेत मी फार दिवस गेले नाही, तेव्हा माझ्या चुका काढत बसू नका. घडलं ते खरं आहे. मी तिथे होते.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. आमचे हे जाऊन महिना होत आला होता.

हे फौजेत ड्रायव्हर होते. उमेदीची सगळी वर्षं डोंगरातल्या रस्त्यांवर ट्रक चालवण्यात गेली. हवालदार होऊन घरी आले आणि मग गल्लीला दुसरं नावच माहीत नव्हतं त्यांचं. मिशीवरून कडक वाटायचे, आतून लोणी. सकाळचा चहा मला कधी करू दिला नाही. सुनेची दवाखान्यात रात्रपाळी असली की फाटकाबाहेर गाडी लावून बसायचे, तिला एकटीने यायला लागू नये म्हणून. नातीला शाळेत सोडताना दार उघडून सलाम ठोकायचे, "मॅडम, गाडी तयार आहे!" ती पण लबाड, मान वर करून आत बसायची.

पण एक होतं. गाडी कुठेही न्यायची असो, अगदी भाजी आणायला, आधी हातात लोखंडी पाना घेऊन गाडीभोवती फेरी मारायचे. एकेका चाकापाशी वाकायचे. चाक पसंत पडलं की त्यावर पान्याचा एक ठोका.

टण्.

चारही वाजल्याशिवाय किल्ली फिरायची नाही. एखाद्या चाकापाशी ठोका पडला नाही, की आम्ही निमूट खाली उतरायचो. तिथे काहीतरी बिघडलेलं असायचंच.

फौजेत त्यांचा जोडीदार एकदा घाईत तसाच निघाला होता. त्याला दरीतून वर काढायला हेच उतरले होते. याच्यापुढे ते कधी बोलले नाहीत, मी विचारलं नाही.

थोरल्याला या सगळ्याचं हसू यायचं. "बाबा, ही कार आहे, रणगाडा नाही."

तर त्या दिवशी नातीची पोहण्याची स्पर्धा होती, घाटाखालच्या शहरात. आदल्या संध्याकाळी थोरल्याने मागच्या एका चाकाचं पंक्चर काढून आणलं होतं.

सकाळी निघालो. नुकतं उजाडलेलं. धुकं इतकं की समोरच्या घराचं दारही दिसेना. थोरला पुढे, शेजारी सून. मागे मी डावीकडे आणि नात उजवीकडे, घरातूनच पोहण्याची टोपी चढवून आलेली.

दारं बंद. काचा वर.

पाना मागे डिकीत, पोत्याखाली. मीच ठेवला होता. डोळ्यांसमोर नको म्हणून.

थोरल्याने किल्लीला हात घातला...

टण्.

पुढचं उजवं चाक. त्याच्याच दाराखाली.

"कोण आहे रे तिकडे?" काच खाली करून तो ओरडला.

बाहेर कोणी नव्हतं...

टण्.

पुढचं डावं. सून दारापासून आत सरकली.

टण्.

मागचं डावं. माझ्या तळपायाला हादरा बसला.

आता मागचं उजवं...

काही नाही.

कुत्रं नाही, पाखरू नाही. नुसतं धुकं. आणि मला कळत होतं, नातीच्या दाराबाहेर, त्या चाकापाशी, कोणीतरी वाकून उभं आहे.

"थंडीने पत्रा तडकतोय," थोरला म्हणाला. पण आवाज चिरकला होता. "चला, उशीर होतोय."

"चौथं वाजलं नाही," मी म्हटलं.

"आई, तू पण ना! बाबा गेले आता."

"गेले ते मला ठाऊक आहे. तुझ्याआधी मला कळलं होतं."

मी दार उघडलं, उतरले, गाडीच्या पुढ्यात जाऊन उभी राहिले. "घाल अंगावर. घाल की!"

तो तणतणत खाली उतरला. "काय झालंय या चाकाला? हे बघ! हे बघ!" म्हणत मागच्या चाकाला लाथ हाणली.

चाक डुगडुगलं.

थोरल्याने वाकून नटांना हात लावला. नट बोटांनी फिरत होते. पंक्चरवाला ते आवळायलाच विसरला होता. एक तर थोरल्याच्या हातातच सुटून आला. सून नातीला छातीशी धरून रडायला लागली. पुढे घाट होता. ती वळणं मला पाठ आहेत.

मी डिकी उघडली. पाना पोत्याखालीच होता, ठेवला तसा.

फक्त...

मुठीशी कोमट होता. त्या थंडीत.

इथवरच असतं तर मी गप्प बसले असते.

हल्ली दुपारी मी आडवी होते. यांचीच लोखंडी खाट. डोळा लागतो न लागतो तोच खाटेच्या उशाकडच्या एका पायावर ठोका पडतो. मग दुसऱ्या. मग पायथ्याच्या एका.

आणि थांबतं...

वेल्डरला बोलावून खाट दाखवली. "आजी, चारी पाय ठणठणीत आहेत," म्हणाला. पाय ठणठणीत, मग चौथा ठोका का पडत नाही? बिघाड आहे तरी कशात? की चौथा पडला की मला निघायचंय, आणि हेच अडवून धरतायत? मी विचारते. चाकापाशी उभे असले की जिवंतपणीही बोलत नसत.

काल पाहुणे आले. थोरल्याने पुन्हा तीच टेप लावली. ते गेल्यावर मी त्याला आत बोलावलं.

"बस खाटेवर."

बसला, फोन बघत.

टण्...

फोनवरचं बोट थांबलं.

टण्...

टण्...

चौथा नाहीच.

"ऐकलंस?"

"काही नाही ऐकलं," थोरला म्हणाला. डोक्याला टक्कल पडलेला बाप्या, पण दोन्ही पाय वर घेऊन बसला होता.

मी म्हटलं, "पाय खाली सोड. बाप आहे तुझा, विंचू नाही. आणि कान उघडे ठेवून ऐक. ते चाक त्यांनी पाहिलं, तू नाहीस. यापुढे जो येईल त्याला त्यांचंच नाव सांगायचं. आणि लवकर सांगायचं. माझा चौथा ठोका पडायच्या आधी मला ते तुझ्या तोंडून ऐकायचंय."