बावीस सेंटिमीटर

बोर्गिल्डच्या नव्या घरात शेगडी कुठे बसवायची ते ठरवायला मी सप्टेंबरातल्या एका दुपारी गेलो. रोरोस गावाच्या अलीकडच्या दरीत तीस वर्षं मी हेच करत होतो. घर उबदार ठेवायला लाकडं जाळायची ओतीव लोखंडाची शेगडी, खाली दगडी फरशी, वर धुराडं. लाकडी भिंतीपासून पन्नास सेंटिमीटर मोकळे सोडायचे, नाहीतर मध्ये विटांची अडभिंत घालायची.

तिचा फोन आला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या भावाच्या, हाल्वरच्या, डोंगरावरच्या केबिनमध्ये शेगडी मीच बसवली होती. विटा संपल्या होत्या आणि बर्फ पडायच्या आत मला खाली उतरायचं होतं. शेगडी भिंतीपासून बावीसवर ठेवली, कागदावर पन्नास लिहून सही केली. त्याच हिवाळ्यात केबिन जळाली. हाल्वर आतच होता. चौकशीत गरम राखेच्या बादलीवर ठपका आला. खरं काय ते मला एकट्याला ठाऊक होतं.

"किती वेळा मोजशील रे, तोर्गेर?" बोर्गिल्ड स्वयंपाकघरातून ओरडली. ती वॅफलचं पीठ कालवत होती. "पूर्वी नुसत्या नजरेनं सांगायचास. म्हातारा झालास!"

"नियम कडक झालेत," मी म्हणालो.

भिंतीपासून पन्नासवर जमिनीवर खडूची रेघ मारली. उठताना भिंतीला हात टेकला, तर फळ्या कोमट लागल्या. भिंत उत्तरेची, तिच्यावर ऊन येत नाही. आत वायरही नव्हती, ते मी तपासलं. बाहेर जाऊन हात लावला. बाहेरून ती गार होती.

माळ्यावर धुराड्याची जागा बघून परत आलो. रेघ भिंतीकडे सरकली होती. टेप लावली. बावीस.

"ही रेघ तू पुसलीस का?"

"मी? हे बघ." तिनं कोपरापर्यंत पिठात माखलेले हात दाखवले.

रेघ पुसून पुन्हा पन्नासवर मारली. तिच्याकडे पाठ करून वहीत आकडे लिहिले. वळलो.

बावीस.

फळ्यांच्या गाठींतून राळ पाझरायला लागली होती. लाकूड चांगलं तापल्याशिवाय राळ अशी सुटत नाही. आणि त्या खोलीत गारठ्यानं माझ्या तोंडातून वाफ निघत होती.

"बोर्गिल्ड," मी हाक मारली. "इकडे ये. हाल्वरच्या केबिनचं सांगायचंय."

सगळं सांगितलं. ती दारातच उभी राहिली. हातावरचं पीठ वाळत गेलं.

"त्याच्या शवपेटीला तू खांदा दिला होतास," ती म्हणाली.

"दिला होता."

"कबरीपाशी माझा हात धरून उभा होतास."

"हो."

"जा आता."

दुसऱ्या दिवशी मी अग्निशमन खात्याला सगळं लिहून पाठवलं. परवाना गेला. जायलाच हवा होता. तिची शेगडी दुसऱ्या गावच्या एका कारागिरानं बसवली, अडभिंत घालून, साठ सेंटिमीटर सोडून.

फेब्रुवारीत तिचा फोन आला. त्या दुपारनंतरचा पहिलाच. ना नाव घेतलं, ना विचारपूस केली.

"शेगडी मी अजून एकदाही पेटवलेली नाही," ती म्हणाली. "धीरच होत नाही. सगळं छप्पर बर्फाखाली आहे. पण धुराड्याभोवतीचा बर्फ रोज सकाळी वितळलेला असतो."