बघणावळ

लवू सुतार आमच्या लालबागच्या खोलीत पहिल्यांदा आला, तेव्हा त्याने आधी छताकडे बघितलं, मग भिंतीकडे, मग माझ्याकडे. पहिल्या दोघांची त्याने मापंही घेतली.

बाबांना पोटमाळा हवा होता. मी स्टूल धरून उभी होते. लवूच्या कानावरची पेन्सिल निसटली आणि माझ्या डोक्यावर पडली. तो खाली उतरला, पेन्सिलीचं टोक तपासलं.

"मोडलं नाही," तो म्हणाला.

"डोकंही नाही मोडलं."

तो हसला… बरं हसला. सांगून ठेवते.

मग लाकूड कुठलं, खर्च किती, सगळं सांगून तो बाबांना म्हणाला, "बघणावळ आठ आणे. काम दिलंत तर मजुरीत वळते करीन."

"बघायचे पैसे? बाजारात वांगं बघायचे कोण घेतो रे?"

"वांगं जिने चढून घरी येत नाही, काका. लोक मापं घेऊन घेतात, 'कळवतो' म्हणतात, आणि काम दुसऱ्याला देतात. माझी सकाळ कोण परत करतो?"

बाबा रोज मोर्च्यात "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे" ओरडून यायचे. घरात मात्र काहीच होऊ द्यायचे नाहीत. त्यांनी लवूला घालवून दिलं.

पेन्सिल राहिली होती. ती घेऊन मी त्याला जिन्यात गाठलं.

"आठ आणे सोडले असतेत तर?"

"तर उद्यापासून फुकट." तो चपलेकडे बघत राहिला. "तुमचा पोटमाळा मात्र… आवडला होता."

"तो अजून झालाच नाही."

"तेच म्हणतो," लवू म्हणाला, "झालाच पाहिजे." आणि पेन्सिल न घेताच गेला.

'कळवतो' हा शब्द माझ्या ओळखीचा होता. कितीतरी घरं मला बघून, चालवून, गायला लावून, पोहे खाऊन गेली होती. रविवारी दादरची मंडळी यायची होती. ते 'हो' म्हणाले, तर मला 'नाही' म्हणायची सोय नव्हती. 'नाही' म्हणाले, तर पुन्हा पोहे.

ते आले. मुलगा खाली बघत खात होता. त्याचे काका सगळीकडे बघत खात होते.

"जरा चालून दाखव, बाळ."

चालले.

"छान. कळवतो हं."

"बघणावळ आठ आणे," मी म्हणाले. "पसंत पडले तर वळते होतील."

काकांचा घास तोंडात तसाच राहिला. "ही कुठली पद्धत?"

"दळणाची दळणावळ देता ना?"

"मालन!" बाबा ओरडले. पण गॅलरीत शेजारच्या सुंदराबाई उभ्या होत्या. कालच्या मोर्च्यातून त्यांचा थोडा आवाज उरला होता.

"बघणावळ—"

"मिळालीच पाहिजे!" अख्ख्या चाळीने साथ दिली. तिसऱ्या घोषणेला बाबांचीही मूठ वर गेली, सवयीने. मग ती खाली कशी आणायची, ते त्यांना सुचेना.

काकांनी पोह्यांच्या बशीत आठ आण्याचं नाणं टाकलं आणि मुलाला घेऊन जिना उतरले.

मी नाणं धुतलं आणि थेट लवूच्या दुकानात गेले. ते रंध्याशेजारी ठेवलं.

"पोटमाळ्याचे?" त्याने विचारलं.

"नाही. मुलगा बघायला आलेय. नियम तुमचाच."

त्याच्या केसांत लाकडाचा भुसा होता आणि आता कान लाल होते.

"मग… मी काय करू?"

"चालून दाखवा."

तो करवतीपर्यंत गेला, परत आला, येताना स्टुलाला धडकला.

"गाणं?"

"नको. दुकान भाड्याचं आहे."

"स्वयंपाक?"

"भात येतो. खालचा करपतो."

"ठीक." मी पदर सारखा केला. "कळवते."

"मालन!" तो दारापर्यंत धावला. नाणं मुठीत घट्ट. "हे… वळते करायचे असतील तर—"

"कळवते म्हटलं ना!"

नाक्यापर्यंत गेले, मागे वळले, आणि तिथूनच 'पसंत!' म्हणून कळवलं. त्या वर्षी लालबागेत सगळ्यांनाच ओरडून सांगायची सवय होती.