ज्याची वाट, त्याचा हात

गाडी सुटण्याआधी मी माणसं मोजते. चारच असतात, तरी मोजते. माझा नवरा गॉटहार्ड हसतो, "शाळेची सहल निघालीय का बाई?" असं विचारतो. मी विंडहुकला भूगोल शिकवते. जगातल्या खडकांची वयं मला पाठ आहेत. पुढच्या वळणावर काय होईल याची धास्ती मात्र आत्तापासून असते.

त्या दिवशीही मोजली. गॉटहार्ड गाडी चालवायला, शेजारी त्याची आई, जिला आम्ही सगळेच ऊमा, म्हणजे आजी, म्हणतो, आणि मागे मी आणि आमची पाच वर्षांची लुसिंदे. ऊमाच्या बहिणीला भेटायला सेसफाँटेनला जायचं, वाटेत पोरीला बघण्यासारखं जे जे असेल ते दाखवायचं, एवढाच बेत.

दगड झालेली झाडं सकाळीच बघून झाली. तिथला वाटाड्या लुसिंदेला म्हणाला, "हे खोड अठ्ठावीस कोटी वर्षांचं आहे. याला ऊपा म्हणायचं, आजोबा."

ती खोडाशी वाकली. "ऊपा, तुम्हाला दात आहेत का?"

सगळे हसले. तिला शेवटचं सगळ्यांनी पाहिलं ते तिथेच, हे मला नंतर कळलं.

पुढे खडीचा रस्ता आणि दोन्हीकडे लाल खडक. ऊन डोक्यावर आलेलं, कशालाच सावली नव्हती. गाडीत धुळीचा आणि तेलात तळलेल्या पिठाच्या गोळ्यांचा, फेटकुकांचा वास. एका वळणावर ऊमा म्हणाली, "थांबव रे."

कडेला दगडांचा ढीग होता, माझ्या छातीएवढा. हैत्सी-आयबीबची कबर, इथल्या जुन्या दंतकथांतल्या वीराची. तो पुन्हा पुन्हा मरायचा आणि पुन्हा पुन्हा उठायचा, म्हणून त्याच्या कबरी सगळीकडे. जाणाऱ्याने एक दगड ठेवायचा, वाट मागायची आणि पुढे जायचं.

"पोरीला उतरव," ऊमा म्हणाली.

"नको ऊमा, दगडांत साप असतात, विंचू असतात. तिच्या वाटचा मी ठेवते."

"तुझ्या पुस्तकात नाग, विंचू सोडून काही आहे का गं? बरं, निदान दगड तिच्या हातात देऊन आण. ज्याची वाट, त्याचा हात."

"आणते."

दगड घेऊन मी गाडीमागे गेले. खडबडीत, घाणेरडा दगड. काच खाली करायची, तो तिच्या हातात द्यायचा, मग ती बोटं तोंडात घालणार… मी डिकीपाशी वीस अंक मोजत उभी राहिले आणि परत येऊन दोन दगड ठेवले, एक माझा, एक तिचा.

"लावला हात?"

"लावला."

खोटं बोलायला मला वेळ लागत नाही. नंतर झोप लागायला लागतो.

थोड्या अंतरावर हेरेरो जमातीची एक बाई बाहुल्या विकत बसली होती. डोक्याला शिंगांसारखा फेटा, तसेच फेटे तारेवर लटकणाऱ्या बाहुल्यांना. लुसिंदे माझा झगा ओढत होती. बाई गॉटहार्डला म्हणाली, "घ्या एक. घरात लेकरू नसलं तरी शोभेला होते."

"ही काय, ही घेईल की!" मी हसून लुसिंदेला पुढे ढकललं.

बाईने माझ्या झग्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ऊन फार आहे ताई," ती हळूच म्हणाली. "पाणी प्या."

तिला दिसत कमी असेल, असं मी ठरवून टाकलं.

मग गुरांच्या रोगराईसाठी बसवलेलं फाटक आलं. तिथे गाड्यांत कच्चं मांस आहे का ते बघतात आणि वहीत माणसं लिहितात.

"तिघं," फाटकवाला म्हणाला.

"चौघं," मी म्हणाले.

त्याने वाकून एकेका खिडकीतून पाहिलं. "तिघं."

"गॉटहार्ड, सांग ना त्यांना!"

तो आरशातून माझ्याकडे बघत राहिला. "काय सांगू?"

"लुसिंदे."

धडा न केलेलं पोर जसं फळ्याकडे बघतं, तसा त्याचा चेहरा झाला. "कोण…?"

लुसिंदेचा हात माझ्या हातात होता. त्या उन्हात तो गार पडला होता, गुहेतल्या दगडासारखा. "आई," ती कुजबुजली, "बाबा माझ्याशी का बोलत नाहीत?"

ऊमा वळली. पोरीच्या जागेकडे नाही, सरळ माझ्याकडे. "लावला होतास हात?"

मी मान हलवली. नाही.

"मला तिचा चेहरा आठवत नाहीये, ओटिली," ऊमा म्हणाली. "नाव आहे अजून. लवकर काय ते कर."

मी उतरले आणि गॉटहार्डच्या बाजूचं दार उघडलं. "उतर. मागे बस."

"अगं, पण…"

"उतर म्हणते ना!"

मी गाडी ढिगाकडे परत वळवली. खडीवर साठच्या वर मी कधी जात नाही. त्या दिवशी काटा किती होता, मी पाहिलं नाही. "लुसिंदे, मोज. मोठ्याने मोज." ती कुंपणाचे खांब मोजू लागली. बारा. सतरा. आवाज विरत चालला होता, कुणी भिंतीपलीकडून बोलावं तसा. एकोणतीस… आणि काही नाही. एकोणतीसनंतर तिला येत नाही, हे मला माहीत होतं. एवढंच मी धरून ठेवलं.

"तीस!" मी ओरडले.

फार लांबून आलं, "तीस…"

ढिगापाशी तिला उचलली तर वजनच लागेना. दगड उचलला, खाली खरंच विंचू होता. चपलेने उडवला. दगड तिच्या मुठीत दिला आणि वरून माझी मूठ आवळली.

"म्हण, मला जाऊ दे."

ती म्हणाली. दगड ठेवला. माझ्या हातातला तिचा हात हळूहळू जड झाला, मग ऊबदार, आणि ती किंचाळली, "आई, चटका बसला!"

तिचं एवढं गोड भोकाड मी कधी ऐकलं नव्हतं.

गाडीतून गॉटहार्डचा आवाज आला, "लुसिंदेला काय झालं गं?"

परत फाटकाशी आलो तेव्हा तो चालवत होता. मी मागे, लुसिंदे मला चिकटून. फाटकवाला तोच. लुसिंदेकडे बघून हसला, पेनाने मोजलं आणि लिहिलं.

"तीन मोठी, दोन लहान. जा."

ऊमाने डोळे मिटून घेतले. मला आधीच्या खेपेचा दगड आठवला, एका मुलाच्या नावाने ठेवलेला, कुठल्याच मुलाचा हात न लागलेला. तो अजून तिथेच होता.

लुसिंदे माझ्याकडे आणखी सरकली, पलीकडे जागा करून देत.

"आई," ती म्हणाली, "पट्टा?"

फाटकापुढे रस्ता फार वळणांचा आहे. मी हात लांब करून पलीकडचा पट्टा ओढला आणि लावला. खट्ट आवाज झाला.

पट्टा रिकाम्या दिसणाऱ्या सीटला टेकला नाही.