तीन उचक्या आणि एक लाथ

नियंत्रण कक्षात आतून कडी लागणारी खोली एकच होती, बॅटऱ्यांची. बाळंतपणाच्या रजेवरून हर्षला बोरकुटे कामावर परतली त्याला अकरा दिवस झाले होते. दिवसातून दोनदा ती त्या खोलीत जाई आणि बॅटऱ्यांच्या एकसुरी घूं-घूंच्या सोबतीने घरच्या चिमीसाठी, लेकीसाठी, दूध काढी. बाटलीवर तारीख-वेळेची पट्टी चिकटवून ती फ्रीजमध्ये ठेवी. शेजारी तिच्या वरिष्ठांचा, डोंगरवार साहेबांचा, ताकाचा तांब्या असे. हल्ली त्या तांब्यावरही पट्टी दिसू लागली होती : ‘हे ताक आहे. चिमीला पाजू नये.’

आज ती बाहेर आली तेव्हा दोन वाजून गेले होते. आलापल्लीजवळ रस्ता खोदताना कुणीतरी तार तोडली होती आणि सकाळ सगळी त्यातच गेली होती. आता कुठे तिला पडदा नीट बघायला फुरसत मिळाली.

काम तसं साधं होतं. चंद्रपूरच्या या खोलीतून नागपूर ते इंद्रावतीचा काठ अशा पट्ट्यातल्या एकोणचाळीस राऊटरांवर नजर ठेवायची. दर पाच मिनिटांनी प्रत्येक राऊटरला एका ठरलेल्या भाषेत ठरलेले प्रश्न जात. या मार्गाने माहितीची किती पुडकी गेली? किती गळाली? राऊटर कुठल्याही कंपनीचा असो, ही भाषा त्याला येतेच. उत्तरादाखल तो आजवरची बेरीज देतो (मागच्या बेरजेशी तिचा फरक पडद्यावर उमटतो) आणि गप्प बसतो. न विचारता बोलतो तो फक्त काही मोडलं-बिघडलं तरच. हर्षलाच्या परवलीच्या शब्दाला एवढाच हक्क होता, विचारायचं आणि वाचायचं. राऊटरमधलं काही बदलायचं झालं तर डोंगरवार साहेबांचा शब्द लागे.

पुडक्यात काय आहे हे मात्र राऊटरला ठाऊक नसतं. एसटीच्या पार्सलासारखा तो कारभार होता. पहिल्या ठाण्यावर पुडक्याला चिठ्ठी लागते. पुढचं ठाणं पुडकं न उघडता नुसती चिठ्ठी वाचतं, तिच्या जागी नवी लावतं आणि पुढे ढकलतं. शेवटच्या आधीच्या ठाण्यावर चिठ्ठी काढून टाकतात, कारण आता जायला एकच घर उरलेलं असतं.

या चिठ्ठ्यांच्या मार्गांपैकी एक जोडदुपट्याचा होता.

जोडदुपटं निघाल्याला दोन वर्षं झाली होती. एकाच विणीची दोन दुपटी. अपुऱ्या दिवसांचं बाळ मोठ्या शहरातल्या काचेच्या पेटीत असतं आणि आई टाक्यांमुळे गावाकडच्या रुग्णालयात अडकलेली असते, तेव्हा एक दुपटं आईच्या छातीवर ठेवायचं आणि दुसरं बाळाभोवती गुंडाळायचं. आईची ऊब, तिचे ठोके, तिचं थोपटणं बाळाला पोचतं. बाळाची हालचाल, त्याचे ठोके आईच्या छातीवर उमटतात. हे क्षणभरही अडखळू नये म्हणून या पुडक्यांसाठी एक मार्ग राखून ठेवलेला असे. आणि उगाच ओझं नको म्हणून काही हललं तरच दुपटं पुडकं पाठवी. त्यामुळे बाळ झोपलं की आकडा उतरे आणि हातपाय झाडू लागलं की चढे.

हर्षलाला नाव-गाव काही माहीत नव्हतं. एक टोक इंद्रावतीकाठच्या कोयरगुड्याच्या ग्रामीण रुग्णालयात आणि दुसरं नागपुरात, एवढंच. पण नऊ दिवसांत तिला त्या आकड्यांचा लळा लागला होता. बाराशे, म्हणजे झोपलंय. अडीच हजार, म्हणजे भूक लागली वाटतं.

आज आकडा होता अठराशे सत्तेचाळीस. त्याआधीचाही अठराशे सत्तेचाळीस. ती मागे मागे बघत गेली. पावणेसातपासून एकच आकडा. पडद्याला स्थिर आकडा फार आवडतो. त्याने तो मार्ग दिवसभर गडद हिरवा दाखवला होता.

“साहेब, काउंटर अटकला बहुतेक.”

“काहून वो? अटकला असता तर फरक शून्य आला असता.” डोंगरवार साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. “हे तर दर खेपेला तेवढंच जाऊन राहिलं. पुढच्या ठाण्याला विचार.”

तिने विचारलं. पुढच्यालाही आणि त्याच्या पुढच्यालाही. सगळ्यांचं उत्तर तेच.

“मोजणारे बरोबर आहेत मग,” ते म्हणाले.

“जिवंत जिवाचं असं असते का, साहेब?”

त्यांनी ताकाचा पेला खाली ठेवला.

हर्षलाने त्या एका मार्गापुरता प्रश्नांचा वेग वाढवला. पाच मिनिटांऐवजी आता दर दोन सेकंदांना ती राऊटरला विचारू लागली. पडद्यावर रेघ उमटली. तीन छोटी टोकं लागोपाठ, मग एक उंच. मग लांबलचक हलकी लाट. पाच मिनिटं झाली आणि पुन्हा तीन छोटी, एक उंच. चिमीला दोनच महिन्यांपूर्वीपर्यंत दूध पिऊन झालं की हेच होई. उचक्या लागत, आणि उचक्यांचा राग येऊन ती लाथ झाडी.

खाली दुसरी रेघ होती, आईकडून बाळाकडे जाणारी. उचक्या आल्या की ती लगेच उठे. टप, टप, टप, एकसारखी, दीड-दोन मिनिटं. मग थांबे, आणि पुढच्या उचक्यांना पुन्हा सुरू होई. सकाळपासून नव्वद वेळा तरी झालं असेल.

ती आई उचकी थांबावी म्हणून थोपटत होती.

हर्षलाच्या छातीत कळ आली आणि कुर्ता ओला झाला. आत्ताच तर दूध काढून आली होती ती. ओढणी पुढे ओढून तिने नागपूरच्या टोकाचा नंबर शोधला.

फोन वासनिक नावाच्या सिस्टरने घेतला. लाईनवाल्यांचा आहे म्हटल्यावर तिचा आवाज सैलावला. हर्षला म्हणाली, “सिस्टर, तुमच्याकडून सकाळपासून तीच पाच मिनिटं परत परत येतात.” 

“तुम्हाला कसं कळलं?”

“आकडे सारखे आहेत.”

“सहा-चाळीसला गेली हो ती.” सिस्टर हळू बोलू लागली. “बाळाला पुसायला, कपडा बदलायला दुपट्याची अंगावरची पट्टी काढावी लागते ना? तेव्हा दुपटं शेवटच्या हालचालीची पाच मिनिटं पाठवत राहते, आईनं दचकू नये म्हणून. आम्ही पट्टी काढली. त्याला वाटते, कपडा बदलून राहिले.”

“मग बंद का नाही केलं?”

“नियम आहे, ताई. अशी बातमी यंत्रावरून द्यायची नाही. घरचं माणूस शेजारी बसल्याशिवाय सांगायची नाही. नियम वाईट नाही तो, मी बघितलं आहे एकट्या बायांना सांगताना. हिचा नवरा तेलंगणात मिरची तोडायला गेला आहे. उद्या दुपारी पोचेल म्हणतात. तोवर डॉक्टर दुपट्याला हात लावू देत नाहीत.”

“ती थोपटते आहे, सिस्टर. तिला वाटते, उचकी थांबत नाही.”

“मला काय बरं वाटते का?” सिस्टर म्हणाली, आणि फोन ठेवला.

हर्षला डोंगरवार साहेबांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. “मार्ग पाडा, साहेब, बंद करा. तुमच्या शब्दानं होते.”

“पोरी, मार्ग पाडला की एकोणचाळीस ठिकाणी घंटा वाजते. मला लेखी द्यावं लागते.”

“द्या. लाईन खराब झाली म्हणून लिहा.”

“अन् ती काय समजेल? छातीवरचं पोर एकदम गप्प.”

“उद्या दुपारपर्यंत अशीच थोपटत बसली तर मरून जाईल ती. साहेब, टाके ओले आहेत तिचे. मला माहीत आहे ते टाके कसे ओढतात.”

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. त्यांना तीन मुली होत्या, आणि धाकटीच्या आधी एक होती, तिचं नाव ते कधी घेत नसत. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि आदेश टाइप केला. शेवटची कळ तेवढी राहिली. बोट तिच्यावर ठेवून ते म्हणाले, “आधी बघ, तिच्यापाशी कोणी आहे का. एकटीवर नको पाडू.”

कोयरगुड्याला फोन वॉर्डातल्या आयाने उचलला. “पुंगाटी बाई? ती कुठं झोपते वो! सकाळपासून पेजसुद्धा नाही घेतली. थांबा, तिलाच देते.” हर्षला नको नको म्हणेपर्यंत फोन दुसऱ्या हातात गेला होता.

“कोण जी?” आवाज कोवळा होता. वीस वर्षांचा, फार तर.

“मी… दुपट्याची लाईन आमच्याकडून जाते, ताई.” हर्षलाने फोनचा आवाज मोठा केला, साहेबांना ऐकू जावा म्हणून. “लाईनमध्ये जरा बिघाड आहे. थोडा वेळ बंद करावी लागेल. तुम्ही तेवढ्यात झोपून घ्या.”

फोनमधून टप, टप, टप ऐकू येत होतं. मैनी पुंगाटीचा हात चालूच होता.

“बंद नका करू.”

“तुम्ही दमला आहात. बाळ—”

“तीन उचक्या,” मैनी म्हणाली. आश्रमशाळेत शिकलेली मराठी ती एकेक शब्द मांडत बोलत होती. “मग लाथ. मग मोठा श्वास सोडते. मग परत तीन उचक्या. नऊ दिवस पोरगी माझ्या छातीवर आहे, बाई. तिने दोनदा सारखं काहीच नाही केलं.”

हर्षलाची नजर पडद्यावरच्या खालच्या रेघेवर गेली.

“मला सकाळीच समजलं. बाहेर बाया मोह वेचून टोपल्या घेऊन परत येत होत्या, तेव्हा.”

“मग थोपटता कशाला, ताई?”

“हात थांबला की इथली सिस्टर पाहते. समजलं म्हणून ओळखते. मग दुपटं काढून नेते.” जरा वेळ नुसतं टप, टप झालं. “लालसू मिरचीला गेला तेव्हा ती पोटात होती. त्याने एकदाबी हात नाही लावला तिला. उद्या येते तो. एकदा हात ठेवू द्या. मग करा बंद.”

“पण ते…” हर्षला थांबली. ‘खोटं’ हा पुढचा शब्द तिच्या जिभेवर होता. तो तिला म्हणवला नाही.

“मला काही सांगू नका. ती कधी गेली, कशी गेली. उद्या दोघांना मिळून सांगतील.” मग मैनीने विचारलं, “तुम्हाला पोर आहे?”

“आहे. पाच महिन्यांची.”

“मग?”

एवढंच म्हणून तिने फोन आयाकडे दिला.

डोंगरवार साहेब पडद्याकडे बघत होते. त्यांनी आदेश पुसायला घेतला, एकेक अक्षर करून, जणू घाई केली तर काही सांडेल. पुसून झाल्यावर ते उठले आणि उगाचच खिडकी उघडून आले.

“नोंदीत काय लिहू, साहेब?”

“मार्ग चालू आहे, असं लिही. खोटं नाही ते.”

पाच मिनिटं भरली. प्रश्न गेला, उत्तर आलं. अठराशे सत्तेचाळीस. खालच्या रेघेवर थोपटणं उठलं आणि राऊटरांनी तेही पुडकं पुडकं मोजून, चिठ्ठ्या बदलत नागपूरकडे पाठवलं. शेवटच्या आधीच्या ठाण्यावर चिठ्ठी निघाली. पुढे एका रिकाम्या पेटीत घडी घातलेलं दुपटं एकटंच थोपटलं जात राहिलं.

हर्षलाने फ्रीजमधून बाटली काढली, पिशवीत ठेवली. चारच्या बसला अजून वेळ होता, म्हणून ती पुन्हा पडद्यासमोर बसली. उद्या याच वेळी कोयरगुड्यात एक माणूस मिरचीने पोळलेला हात दुपट्यावर ठेवील. त्याच्या तळव्याला तीन उचक्या लागतील आणि मग एक लाथ. ती लाथ त्याच्या लेकीनेच मारलेली असेल, फक्त आदल्या दिवशी. राऊटर ती इमानाने मोजतील. मग त्या बापाला लेक भेटली असं म्हणायचं, की नाही? हे कुठल्या राऊटरला, कुठल्या भाषेत विचारायचं?