फाटकावरचं तोंड

जयतीर्थअण्णांचा डावा गाल विसाव्या वर्षी टर्पेंटाइनच्या भडक्यात गेला. उजवा अजून देखणा होता, पण लोक उजवीकडून सुरुवात करत नाहीत. बंगळूरच्या चामराजपेटेत अण्णांनी जन्मभर एकच धंदा केला: दृष्ट लागू नये म्हणून नव्या इमारतींवर टांगतात ती राक्षसाची तोंडं रंगवली. सुळे, बटबटीत डोळे, लाल जीभ. बघणाऱ्यानं मान वळवली की काम झालं.

यंदा ते त्याच शहरातल्या जे. पी. नगरात लेकीकडे, सुप्रीताकडे, राहायला आले. आठवड्यातच सोसायटीचे चेअरमन दारात हजर. हे श्रीरंग, पुण्याचे, आयटीतले. गोरेपान, टूथपेस्टच्या जाहिरातीतलं हसू.

"अण्णा, पर्सनली घेऊ नका हं. मुलं घाबरतात. तुम्ही मागची, सामानाची लिफ्ट वापराल का?"

"मी कुठल्या बाजूनं सामान दिसतो?"

श्रीरंग मनमोकळं हसले. दुसऱ्या दिवसापासून वॉचमन अण्णांना पुढच्या लिफ्टपाशी अडवू लागला. सुप्रीता भांडायला निघाली.

"स्वल्प थांब," अण्णा म्हणाले. "पुढच्या लिफ्टनं मी जाणारच आहे."

रविवारी क्लबहाउसात मराठी वाचनकट्टा भरला. चर्चेला दोनशे वर्षांपूर्वीची इंग्रजी भयकादंबरी होती: एक विद्वान प्रेतांचे तुकडे जोडून माणूस घडवतो, आणि त्यानं डोळे उघडताच त्याचं रूप बघून पळत सुटतो.

"त्या बिचाऱ्याचा दोष काय?" श्रीरंगांनी पुस्तक छातीशी धरलं. "फक्त चेहरा! आपण माणसाच्या आत कधी बघणार?"

टाळ्या पडल्या. सामानाच्या लिफ्टनं आलेले अण्णाही मागच्या खुर्चीवरून टाळ्या वाजवत होते.

निघताना श्रीरंगांनी त्यांना गाठलं. "नव्या फाटकाला एक राक्षस काढून द्या ना. चांगला भयानक."

"सरी, देतो काढून," अण्णा म्हणाले.

दोनच दिवसांनी फाटकावर पत्र्याची पाटी लागली. सुळे नाहीत, जीभ नाही. श्रीरंगच होते, हसण्यासकट.

सुप्रीतानं कपाळावर हात मारला. "अण्णा, हाकलून देतील आपल्याला!"

"देऊ देत. आजवर खोटी तोंडं काढली. एक खरं काढलं."

श्रीरंगांनी पाटीखाली सेल्फी काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

पहिल्या दिवशी फाटकावरची कबुतरं गेली. दुसऱ्या दिवशी लोक मान खाली घालून आत येऊ लागले. का विचारलं तर म्हणत, ऊन डोळ्यांवर येतं. फाटक उत्तरेला, इमारतीच्या सावलीत होतं.

मग लिफ्टमध्ये श्रीरंगांना बघून पाचव्या मजल्यावरची एक मुलगी किंचाळली. त्यांच्या चेहऱ्यात काहीही बदललं नव्हतं. तेच गोरेपण, तेच हसू. शुक्रवारी त्यांची बायको प्रमोदिनी त्यांच्याशी भिंतीकडे बघून बोलली.

शनिवारी वॉचमननं, जमिनीकडे बघत, त्यांना मागची लिफ्ट दाखवली.

त्याच सकाळी अण्णा पुढच्या लिफ्टनं वर गेले. कुणी अडवलं नाही. ती मुलगी पाचव्या मजल्यापर्यंत त्यांचं बोट धरून होती.

दुपारी बेल वाजली. दारात श्रीरंग. तोंडाला मास्क, काखेत पाटी.

"उतरवली मी. बघा."

पाटी कोरी होती. खरवडल्याची खूण नाही, पुसल्याचा डाग नाही. नुसता प्रायमरचा पांढरा थर.

"कुणी पुसली?"

"कुणी नाही. खाली घेतली तर अशीच होती." श्रीरंगांनी पाटी भिंतीला टेकवली. "अण्णा, तुम्ही तरी बघाल ना माझ्याकडे?"

त्यांनी मास्क काढला.

तेच तोंड होतं. अण्णांची मान आपोआप दुसरीकडे ओढली जाऊ लागली. ही ओढ त्यांच्या ओळखीची होती. अठ्ठेचाळीस वर्षं ती त्यांनी समोरच्यांच्या मानेत पाहिली होती.

त्यांनी मान वळवली नाही.

"बसा," ते म्हणाले. "चहा टाकतो."

श्रीरंग हसले. ओठाच्या कोपऱ्यातून एक लालसर थेंब हनुवटीवर ओघळला.

अण्णांनी तो बोटानं टिपला.

ऑइलपेंट. अजून ओला होता.